तेरा टेक आणि काकीचं खाचर

मी कर्जतला दोन दिवसांसाठी गेले होते. बॅगेत दोन टीशर्ट, एक टोपी, डासांचं मलम आणि वाचू वाचू म्हणून तीन वर्षं सोबत फिरणारं एक पुस्तक. परत आले ती एकोणीस दिवसांनी, हिराकाकीच्या लेकीचा जुना पंजाबी ड्रेस घालून. स्टुडिओत एव्हाना बातमी पसरली होती की मी स्वतःला शोधायला गेले आहे. आमच्या ऑफिसात माणूस चार दिवस दिसला नाही की तो स्वतःला शोधायला गेला, असंच धरतात. आल्या दिवशी तिघांनी मला एकांतात गाठून विचारलं, "सापडलं का काही?" म्हणून हे सगळं एकदाचं लिहून टाकते आहे. मी तिकडे पाखरं हाकत होते.

आधी धंदा सांगते. मुंबईतल्या एका क्रिएटिव्ह स्टुडिओत मी डीओपी आहे. म्हणजे जाहिरातीत जे दिसतं ते कसं दिसावं, उजेड कुठून यावा, कॅमेरा कुठे ठेवावा, ही सगळी जबाबदारी माझी. चित्र चांगलं आलं तर दिग्दर्शक थोर, वाईट आलं तर बाईंची तब्येत बरी नव्हती. अकरा वर्षं करते आहे. "तिची नजर आहे" असं माझ्याबद्दल बोलतात, आणि खोटं कशाला सांगू, ऐकायला मला फार आवडायचं. मूळची सोलापूरची. तेव्हा ज्वारीतलं मला थोडंफार कळतं, भातातलं शष्प कळत नाही. ही गोष्ट मी कामाला निघण्यापूर्वी कुणाला तरी सांगायला हवी होती, पण विचारतंय कोण!

काम होतं तांदळाचं. एका कंपनीने जुन्या, पारंपरिक वाणांचा तांदूळ झकास पिशवीत भरून विकायला काढला होता. तीस सेकंदांची फिल्म. विषय: मातीशी नातं. दिग्दर्शक विहान, वय एकतीस. शेत म्हटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. बांधावरून चालताना तो दोन्ही हात पसरून चालतो, ते वेगळं.

पहिला दिवस, खालापूर

एक्स्प्रेसवेचं वर्णन करत नाही. तो तुम्ही पाहिला असेल, आणि नसेल तर काही बिघडलं नाही.

खालापूरच्या पुढे एका फार्महाउसच्या हिरवळीवर आमच्या कलाविभागाने मातीचं घर बांधून ठेवलं होतं. का, तर गावातली खरी घरं विहानला पसंत पडली नाहीत. आमचा लोकेशनवाला मंगेश मूळचा कडावचा, आता भिसेगावात फ्लॅट घेऊन राहतो. मुंबईकरांना गाव दाखवणं हा त्याचा व्यवसाय. त्याने आधीच्या आठवड्यात विहानला कडावमधली दहा घरं दाखवली होती. स्लॅब, टाइल्स, फ्रीज, दारात मोटारसायकल. विहान प्रत्येक घरातून तोंड पाडून बाहेर यायचा. शेवटी म्हणाला, "मंगेश, ही फारच घरासारखी आहेत."

"मग कशासारखी पायजेत?" मंगेशने विचारलं.

"गावासारखी."

मंगेशने माझ्याकडे बघितलं. मी लेन्स पुसत होते.

तर हिरवळीवर घर. शेण सारवायचं ठरलं होतं, पण कंपनीच्या बाईंना वासाचा त्रास, म्हणून शेणाच्या रंगाचा रंग. चूल खरी, पण धूर लागला तर आजीच्या भूमिकेतल्या नटीचे डोळे झोंबतात, म्हणून धुराचं यंत्र. आणि सगळ्यांत कहर म्हणजे तांदूळ. कंपनीचा तांदूळ शिजवला तर मऊ, एकमेकांना धरून राहणारा भात झाला. कॅमेऱ्यात तो गोळा दिसायला लागला. मग दुसऱ्याच कुठल्याशा लांब दाण्याचा तांदूळ अर्धाकच्चा शिजवून, वर ग्लिसरीन फवारून, एक मुलगी चिमट्याने एकेक शीत मांडत बसली. चाळीस मिनिटं. मी वरून उजेड सोडला. भात असा चमकला की कंपनीच्या बाई म्हणाल्या, "हेच आपलं प्रॉडक्ट."

जेवायला फार्महाउसच्या आचाऱ्याने पनीर दिलं. सबंध दिवस तांदळाची जाहिरात केली आणि ताटात नान! कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. दुसऱ्या दिवसासाठी मी माझा 'लूक' तयार केला आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.

हा लूक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यानेच झाला. कॅमेरा जे टिपतो ते आधी फिकट, आजारी दिसतं. रंग नंतर चढवतात. पण तोवर दिग्दर्शकाला आणि कंपनीवाल्यांना धीर धरवत नाही, म्हणून मॉनिटरवर आम्ही तयार रंग चढवूनच चित्र दाखवतो. माझ्याकडे असा एक लूक होता, मीच बनवलेला. त्यात हिरवं म्हणून जे काही असेल ते पिवळंधमक होतं. मी त्याचं नाव ठेवलं होतं 'सोनं'.

दुसरा दिवस, कडाव

कडावच्या शेतात सकाळी सातला पोचलो. दवाने बूट भिजले, माझे आणि विहानचे. मंगेशने चपला हातात घेतल्या होत्या.

इथे भाताचे दोन प्रकार, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हळवं भात लवकर पिकतं, गरवं उशिरा. मंगेशचं खाचर हळव्याचं, म्हणजे पिकून तयार. त्याला लागून, एका बांधापलीकडे, त्याच्या चुलतीचं गरव्याचं खाचर, त्याला पिकायला अजून अडीच-तीन आठवडे. मंगेशने आम्हाला दोघांना बांधावर उभं करून सांगितलं, "या बांधापर्यंत आपलं. हवं तेवढं कापा. पलीकडं हिराकाकीचं, तिकडं नाय जायचं. मॅडम, ऐकलं ना?"

"हो हो," मी म्हटलं. मी मॉनिटरवरून मान वर केली नव्हती.

मग ओट मिल्कचं निघालं. कंपनीच्या बाई गाईचं दूध घेत नाहीत, म्हशीचं तर नाहीच. त्यांना ओटाचं दूध लागतं आणि ते आम्ही आणायला विसरलो होतो. आता कडावात घरटी दुभतं जनावर, डेअरीवर सकाळी किटल्यांची रांग, आणि ओट नावाचं जनावर कोणी पाहिलेलं नाही. मंगेश गाडी घेऊन कर्जतला गेला. तिथे मिळालं नाही तर नेरळला बघतो म्हणाला. म्हणजे ज्या एका माणसाला शेतातलं कळत होतं, त्याला आम्ही दूध आणायला पाठवलं.

तो गेला आणि उन्हं वर आली. मंगेशचं भात गेल्या आठवड्यातल्या वाऱ्याने आडवं पडलेलं. शेतकऱ्याला त्याचं काही वाटत नाही, खाली वाकून कापतो. आम्हाला मात्र आडवं भात दुःखी दिसतं. विहान म्हणाला, "यात उमेद नाहीये." मी कॅमेरा उचलून बांधाच्या दिशेने सरकत गेले, आणि काय सांगू, पलीकडचं भात ताठ उभं, मागून सूर्य, लोंबीलोंबीवर उजेड. मॉनिटरवर नुसतं सोनं. दोन्ही खाचरं एकाच रंगाची. भाताने बांध झाकून टाकला होता, तो चित्रात दिसतच नव्हता, आणि जे मॉनिटरवर दिसत नाही ते आमच्या धंद्यात नसतं. मी म्हटलं, "इथे. इथेच घ्यायचं."

हे मी म्हटलं. विहानने नाही.

कापणाऱ्या बायका आम्ही वर्सोव्याहून आणल्या होत्या, दोन मॉडेल. गावच्या बायका गावच्या दिसत नाहीत, असं कास्टिंगवाल्यांचं मत पडलं होतं. त्या दोघींना विळ्याची भीती वाटायची म्हणून त्यांच्या हातात बोथट विळे, आणि मागे खरं कापायला आमच्या लाइटवाल्यांपैकी चौघं, गोरेगावात जन्मलेले, मिशांसकट लुगडी नेसून पाठमोरे. त्यातला एक पदर खोचताना इतका लाजला की त्यातच दहा मिनिटं गेली.

टेक एक. मॉडेल हसायला विसरली. टेक दोन. विळा उलटा धरला. तिसऱ्याला कंपनीच्या बाईंचा फोन वाजला. चौथा छान होता, पण विहानला वाटलं अजून एक 'आतून' यायला हवा. आता गंमत अशी की पेला सांडला तर दुसऱ्या टेकला पुन्हा भरता येतो. कापलेलं भात पुन्हा उभं करता येत नाही. दर टेकला कोरी ओळ लागते. चौघं मिशाळ बाया पुढे सरकायच्या, आम्ही त्यांच्यामागे. मी ओरडायचे, "अजून आत या, आत!"

सातव्या की आठव्या टेकला एक म्हातारबा सायकल हातात धरून बांधावर उभे राहिले. थोडा वेळ बघितलं आणि हाक मारली, "अवो बाय, ते कच्चं हाय!"

ते नेमके माझ्या चित्राच्या कडेला आले होते. मी हात झटकला. "बाबा, फ्रेम! फ्रेममधून बाजूला व्हा!"

ते बाजूला झाले. मला आजही आठवतं, फार शहाण्यासारखे, सायकल उचलून बाजूला झाले.

तेरावा टेक ओके झाला. टाळ्या पडल्या. कंपनीच्या बाईंनी मला मिठी मारली. साडेअकराला मंगेश दुधाचा खोका घेऊन बांधावर आला आणि तिथेच थांबला. त्याच्या तोंडाचा रंग उडाला. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "ह्ये काय केलंत?"

मी मॉनिटर सोडून पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी शेताकडे बघितलं. समोर हिरवंगार भात कापून पडलं होतं. हिरवंगार! कोथिंबिरीची जुडी सोडून टाकावी तसं. उभा राहिला होता फक्त कोपऱ्यातला तुकडा, एक मोठी सतरंजी अंथरता येईल एवढा.

हिराकाकी डेअरीवर दूध घालून, लेकीला भेटायला भिसेगावला गेली होती. ती बाराला आली. साठीच्या पुढची, शिडशिडीत, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली.  तिने एक लोंबी उचलली, एक दाणा दोन नखांत धरून दाबला. पांढरा चीक बाहेर आला. तिने तो बोट पुढे करून मला दाखवला, आणि मग तिचा तोल गेला.

"डोळं हायत का बटनं लावल्यात गं? एवडी मोटी दुर्बीण घिऊन बसलीस, नि कच्चं-पिकलं दिसलं नाय तुला? अगं, लहान प्वार सांगंल!"

मी मूर्खासारखी तिला मॉनिटरपाशी घेऊन गेले. "काकी, हे बघा ना. इथे पिकलेलं दिसत होतं."

तिने मॉनिटरकडे बघितलं. शेताकडे बघितलं. पुन्हा मॉनिटरकडे.

"मंग ह्येच कापायचं होतंस की," ती म्हणाली.

एव्हाना मंगेशने मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. हे भात काकीच्या सासूपासून चालत आलेलं. त्याला धड नावसुद्धा नाही, सगळे 'काकीचं' म्हणतात. पूर्वी पाच-सात घरी होतं, मग सगळ्यांनी सुधारित बियाणं धरलं आणि हे एकट्या काकीकडे उरलं. गेल्या पावसाळ्यात कणगीत पाणी शिरून साठवलेलं सगळं कुजलं. जे काही वाचलं ते तिने यंदा या एका खाचरात लावलं होतं, खायला नव्हे, बियाण्याला. चिकात कापलेला दाणा रुजत नाही. म्हणजे आता जगात काकीचं भात म्हणून जे काही होतं, ते त्या सतरंजीएवढ्या कोपऱ्यात.

पारंपरिक वाणाच्या जाहिरातीसाठी आम्ही पारंपरिक वाण संपवत आणलं होतं.  लाज वाटली, साधी सरळ लाज, शाळेत पकडल्यावर वाटते तशी.

इतरांना मात्र लगेच उपाय सुचले. विहान म्हणाला, शेवटी 'विशेष आभार'मध्ये काकींचं नाव घालू. मग म्हणाला, खरं तर हीच स्टोरी किती जबरदस्त आहे, यावर वेगळी फिल्म होईल. कंपनीच्या बाईंना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी गाडीतून एक टोपली आणली. त्यात सुगंधी मेणबत्ती, लाकडी चमचा आणि त्यांच्याच तांदळाची पिशवी. "काकी, हेही जुनंच वाण आहे. हे पेरा ना तुम्ही."

काकीने पिशवी उलटसुलट करून बघितली. आत पांढरेशुभ्र, पॉलिश केलेले दाणे.

"गिरणीतनं आलेला तांदूळ रुजतो व्हय गं, बाय?" तिने विचारलं. तिला खरंच प्रश्न पडला होता. बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी मंगेशकडे. शेवटी टोपली तशीच बांधावर राहिली. मेणबत्ती नंतर गोठ्यात डास येऊ नयेत म्हणून लावली, पण म्हशी शिंकायला लागल्या.

दुपारी सामान भरत असताना मी काकीच्या ओट्यावर जाऊन म्हटलं, "काकी, मी थांबते. उरलेला कोपरा राखते."

"तू?" तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "थांबून काय करशील?"

कोपरा राखणं सोपं नव्हतं, तेही मंगेशनेच सांगितलं होतं. आता आजूबाजूचं हळवं भात चार दिवसांत कापून जाणार, आणि मग सगळी पाखरं त्या एका उभ्या तुकड्यावर तुटून पडणार. काकीला दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरी, आणि कापणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतावर जायचं ठरलेलं. आज ती दुसऱ्यांकडे जाईल तेव्हा उद्या ते तिच्याकडे येतील. राखणीला मोकळं माणूस गावात एकही नव्हतं.

"पाखरं हाकता येतात मला," मी म्हटलं. "आमच्याकडे ज्वारी राखतात."

"बगू," काकी म्हणाली. तेवढंच.

स्टुडिओच्या मालकीणबाईंना फोन केला. पुढच्या आठवड्यात दागिन्यांचं शूट होतं, ते दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं. कारण सांगितलं.  मग त्या अतिशय हळुवार आवाजात म्हणाल्या, "बर्नआउट आहे का गं?" आणि संध्याकाळी मला ध्यान शिकवणाऱ्या ॲपची लिंक पाठवली.

कडाव, पुढचे दिवस

पाखरं सहाला येतात. कॉलटाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, त्यांची पक्की असते, मॉडेलसारखी नाही. पहिल्या दिवशी मी लहानपणच्या ऐटीत गोफण मागितली. सोलापूरकडे शेतातल्या माळ्यावर उभं राहून आम्ही गोफणीने पाखरं उडवायचो, निदान माझी आत्या उडवायची आणि मी बघायचे. मंगेशने कुठूनशी एक शोधून आणली. पहिलाच दगड पाखरांच्या बरोबर उलट दिशेने सुटला आणि काकीच्या मोठ्या म्हशीच्या ढुंगणावर बसला. त्या संध्याकाळी तिने निम्मं दूध दिलं. काकीने गोफण चुलीत घातली आणि माझ्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी दिली.

डबा वाजवायला अक्कल लागत नाही, असं वाटतं ना? लागते. सारखा वाजवला तर पाखरं सरावतात. थांबून, अवचित वाजवावा लागतो. कोपऱ्याभोवती काकीच्या जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधल्या, मध्ये माझी टोपी आणि टीशर्ट घालून बुजगावणं उभं केलं. दुसऱ्याच दिवशी एक पाखरू त्याच्या डोक्यावर बसून मजेत दाणे खात होतं. माझ्या टोपीवर 'डिरेक्टर ऑफ फोटोग्राफी' असं छापलेलं होतं, त्याचं त्याला काही नाही.

म्हातारबा रोज सायकल घेऊन जायचे. त्यांना माझं नाव कळलं नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. लांबूनच ओरडायचे, "काय गं बाय, मी फ्रेममदी हाय का?"

"नाही बाबा, जावा!"

"मंग जातो," असं म्हणून घंटी वाजवत निघायचे. हा विनोद त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. एकदा तर घरून बायकोलाच घेऊन आले, तिला मी दाखवायला.

खाणं मात्र बेफाम. सकाळी उकड काढून केलेली तांदळाची भाकरी, पांढरी, मऊ, आणि सोबत सुकटीची चटणी. आमच्याकडे भाकरी थापताना सगळी गल्ली ऐकते. इथे ती ओल्या हाताने गुपचूप होते. मी एकदा करायला बसले तर तीन कोपरे आले आणि चौथा तव्याला चिकटला. काकी म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ते तुज्या शेतासारकं झालंय." एका संध्याकाळी शेतातल्या चिंबोऱ्यांचा रस्सा केला होता. मी त्या कवच फोडून खायला अर्धा तास घेतला, तेवढ्या वेळात तिघांची जेवणं उरकली असती. भात वाढताना मात्र काकी दर वेळी म्हणायची, "ह्यो बाजारचा हाय. आपला असता तर तुला कळलं असतं."

रोज दुपारी ती कोपऱ्यात येऊन एक दाणा माझ्या हातावर ठेवायची. "दाताखाली घे." पहिल्या आठवड्यात चीक. मग मऊ, कणकेसारखा. मग दात किंचित अडायला लागला. अकरा वर्षं मी प्रत्येक गोष्ट बघून ठरवली होती. इथे काकी भाताकडे धड बघतही नव्हती, चावत होती.

तेराव्या दिवशी मी घाबरले. लांबच्या खाचरांतलं दुसऱ्यांचं गरवं भात पिवळं होत होतं आणि माझा कोपरा तांबडा पडायला लागला. आधी वरचे दाणे, मग सगळी लोंबी, विटकरीसारखी. रोग पडला! मी डबा टाकून पळत घरी गेले. काकी म्हशीला पाणी पाजत होती. ती आली, बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. चांगली पोट धरून हसली.

"अगं, पिकतंय त्ये! ह्ये असंच तांबडं हुतं. म्हनून तर वळखू येतं."

"सोनेरी नाही होत?"

"सोनेरी कशाला हुईल? त्ये काय दागिनं हाय?"

मी बांधावर बसले. माझ्या लूकने जे भात सोन्याचं करून दाखवलं होतं, ते कधी सोन्याचं होणारच नव्हतं. आणि याची मला एवढ्या दिवसांत शंकासुद्धा आली नव्हती. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. डबा मात्र मी नंतर फार जोरात वाजवला.

एकोणिसावा दिवस

त्याच्या दोन दिवस आधीच दाणा दाताखाली 'कट्' वाजला आणि काकी म्हणाली, उद्या कापू. मी विळ्याकडे हात केला. "तू नको," ती म्हणाली. रागाने नाही, पण म्हणाली. एकटीने वाकून पंधरा मिनिटांत कोपरा कापला. अंगणात फळीवर झोडलं, पाखडलं, आणि जुन्या चादरीवर वाळत घातलं. पंधरा-सोळा दिवसांची राखण, माझे काळे पडलेले हात, सगळं मिळून एक स्टीलचा डबा जेमतेम भरेल एवढं बियाणं.

"फुडल्या साली येवडंच लावायचं," काकी सांगत होती. "त्याच्या फुडल्या साली खाचर भरंल. खायाला तिसऱ्या साली. तवर माजं दात ऱ्हायले तर."

ती हे अगदी सहज बोलली. मला वाटलं होतं कोपरा वाचवला म्हणजे भरपाई झाली. मी तिच्या तीन वर्षांचा भात खाल्ला होता, तोही न चाखता. "काकी, चुकलं माझं," मी म्हटलं. खरं तर हे आल्या दिवशी म्हणायला हवं होतं.

"चुकलंच," ती म्हणाली. "धान्य परत, ऊन चाललंय."

एकोणिसाव्या दिवशी निघायच्या बेतात होते तेवढ्यात मंगेश भिसेगावहून मोबाइल नाचवत आला. जाहिरात आली होती. सगळीकडे गाजत होती. विहानचे चार मेसेज, त्या एका शॉटबद्दल मला लोकांनी पाठवलेली कौतुकं. मंगेशला ती काकीला दाखवायची नव्हती, पण आवाज ऐकून काकीच चादरीवरून उठून आली. "बगू रं."

हिरवळीवरचं मातीचं घर गेलं. चिमट्याने मांडलेला भात चमकून गेला. मग तो शॉट आला. मागून सूर्य, ताठ उभं पिवळंधमक शेत, आणि पाठमोऱ्या चार बाया विळे चालवत पुढे सरकताहेत. तेरावा टेक. काकीने मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. तिचा चेहरा खुलला.

"कुनाचं भात गं ह्ये? झ्याक पिकलंय. घाई नाय केली कापायला."

मंगेश खाली बघायला लागला. आता खोटं बोलायची ताकद नव्हती.

"तुमचं, काकी. त्या दिवशीचं."

तिने पुन्हा एकदा बघितलं, शॉट संपेपर्यंत. मग मोबाइल मंगेशकडे दिला.

"नाय," ती म्हणाली. "माजं तांबडं असतं. ह्ये दुसऱ्या कुनाचं तरी असंल."

आणि चादरीवर जाऊन पायाने धान्य परतायला लागली.